गोरी कातडी आणि नाशिकचं ऊन: पोळू नये म्हणून, आणि पोळलीच तर

उन्हाच्या त्रासाला आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत: ऊन लागणं, रापणं आणि पोळणं. बोलताना आपण तिन्ही एकातच घालतो, पण त्रास तीन तऱ्हेचे आहेत. ऊन लागतं तेव्हा सगळं अंग तापतं, चक्कर येते, मळमळतं. रापतो तेव्हा कातडी काळवंडते आणि काही आठवड्यांनी उजळते. पोळतो तेव्हा कातडी लालबुंद होते, आग आग होते, कॉलरचा स्पर्श सहन होत नाही आणि चार-पाच दिवसांनी पापुद्रे निघायला लागतात. हा लेख या तिसऱ्या त्रासाबद्दल आहे. ज्यांची कातडी गोरी आणि पातळ आहे, मनगटावरच्या निळ्या शिरा दिसतात अशी, त्यांच्यासाठी आणि अशा मुलांच्या आयांसाठी. कोडाचे पांढरे डाग असलेल्यांनीही तो वाचावा. डागात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे एरवी सावळ्या माणसाचाही तेवढा भाग पटकन पोळतो.

माझ्या आईकडून आलेली अशी कातडी आमच्या घरात तीन पिढ्या आहे. लहानपणी तिचं कौतुक फार झालं, पण तिला जपायचं कसं हे कुणी सांगितलं नाही. ते शिकायला मला एक फार वाईट रात्र बघावी लागली.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत भाचा आमच्याकडे आला होता. वय एकोणीस, वर्ण आईसारखा. मित्रांबरोबर अंजनेरीच्या डोंगरावर गेला. पहाटे इतका गारठा होता की स्वेटर, मफलर सगळं चढवून निघाला. अकराच्या सुमारास वरच्या पठारावर पोचल्यावर ऊन छान वाटलं, म्हणून स्वेटर-मफलर काढून पिशवीत टाकलं आणि गोल गळ्याच्या टी-शर्टवर दीड-दोन तास तिथे आरामात बसला. वारा गार होता, घामाचा थेंब नव्हता. संध्याकाळी घरी आला तेव्हा मान जराशी गुलाबी दिसत होती, इतकंच. रात्री नऊला तीच मान टोमॅटोसारखी झाली. मी बोट हलकेच टेकवून उचललं तर बोटाचा पांढरा ठसा उमटला आणि क्षणात पुन्हा लाल भरून आला. पाठीवर टी-शर्टच्या गळ्याची रेघ आखल्यासारखी होती: वर लाल, खाली पांढरं. त्याला उशीवर मान टेकवता येईना. माझी बहीण फोनवर म्हणाली, "अगं, थंडीत कुठं ऊन बाधतं?"

तिथेच सगळे चुकतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी हे समजून घ्या: पोळवतं ते किरण, उकाडा नव्हे

उन्हात तीन गोष्टी एकत्र येतात. उजेड डोळ्यांना दिसतो, उष्णता कातडीला कळते आणि अतिनील किरण ना दिसतात ना कळतात. पोळवतात ते हे तिसरे. त्यांच्यातही दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. यूव्हीबी किरण कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या डीएनएला इजा करतात. लाली, आग, फोड हे मुख्यतः त्यांचं काम. यूव्हीए किरण आणखी खोल जातात; सुरकुत्या, काळे डाग, वांग यांत त्यांचा मोठा हात असतो. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी बहुतेक अडतात, यूव्हीए बरेचसे आत येतात. म्हणून बंद काचेच्या गाडीत सहसा पोळत नाही, पण वर्षानुवर्षं खिडकीकडे बसणाऱ्याचा एक गाल जास्त काळवंडतो.

इजा झाली की शरीर तिथे सूज आणतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली. याला वेळ लागतो. लाली साधारण तीन ते पाच तासांनी दिसू लागते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वांत जास्त होते. कातडी लाल दिसेपर्यंत उन्हात थांबायचं आणि मग सावलीला जायचं, हा हिशेब त्यामुळेच फसतो. लाली दिसते तेव्हा पोळून कित्येक तास झालेले असतात.

गोऱ्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी असतं, आणि तेच आपलं आतलं छत्र. 1975 साली अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे प्रकार ठरवले ते रंग बघून नाही, तर माणूस उन्हात पोळतो की रापतो हे विचारून. आज सहा प्रकार मानतात. भारतीय कातडी बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येते, तिसऱ्या प्रकारातले लोकही पुष्कळ आहेत आणि त्याहून गोरे थोडे. तुमचा प्रकार ओळखायला आठवण ताणा: दिवसभराच्या सहलीनंतर तुम्ही लाल होता की काळे? आधी लाल होऊन मग थोडं रापत असाल किंवा नुसतेच लाल होत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. "आम्ही भारतीय, आम्हाला काय होतंय" हे वाक्य तुम्हाला लागू नाही.

पहिलं काम: रोज सावली बघायची सवय

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. हवा कोरडी, आभाळ वर्षातले सात-आठ महिने स्वच्छ. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावली दिवस म्हणतात तो. उंचीचाही वाटा आहे: दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे साल्हेर किंवा कळसूबाईच्या माथ्यावर खालच्या गावापेक्षा जास्त पोळतं, आणि तिथे वारा गार असल्यामुळे कळतही नाही.

किरणांची तीव्रता मोजायला यूव्ही निर्देशांक असतो. मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर बहुधा तापमानाच्या खालीच दिसतो. 3 पासून पुढे जपायला सुरुवात करायची, 8 च्या पुढे फार जास्त, 11 च्या पुढे टोकाचा. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकला तो 11 च्या पुढे जातो आणि अशा वेळी फार गोऱ्या कातडीला पोळायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दूध आणायला म्हणून निघालात आणि कॉलेज रोडवर कुणाशी तरी गप्पा मारत उभं राहिलात, की झालं.

पण आकडा बघायला विसरतो माणूस. सावली विसरता येत नाही, ती पायाशीच असते. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन पोळवणारं आहे, मग गारठा असो की उकाडा. मे महिन्यात नाशिकला ही वेळ सकाळी सव्वानऊ-साडेनऊला सुरू होते आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास संपते. जानेवारीत ती साडेअकरा ते दोन एवढीच असते, पण असते. भाचा नेमका त्याच सुमारास पठारावर बसला होता. अगदी निर्धास्त व्हायचं तर सावली आपल्या दुप्पट होईपर्यंत थांबावं. आणखी एक: आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर बांधलेली आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून उन्हाळ्यात आपला माध्यान्ह साडेबाराच्या सुमाराला होतो. "बारा वाजून गेले, आता ऊन कलेल" म्हणून एक वाजता बाहेर पडणाऱ्याला सगळ्यात कडक ऊन भेटतं.

ढगांवर भरवसा ठेवू नका. पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालणारे अनेक जण पावसाळा म्हणून डोकं उघडं ठेवतात. मध्ये दोन तास पाऊस थांबून आभाळ उजळलं की गोऱ्या माणसाची मान संध्याकाळी दाखवतेच.

दुसरं काम: कपडे. क्रीमच्या आधी कपडे.

हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण नवखा माणूस आधी मेडिकलच्या दुकानात जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जाऊन बघा. मणी गुलाबी पडू नयेत, उन्हानं डागाळू नयेत म्हणून बागाईतदार एकेक घड कागदात गुंडाळतो. आणि त्याच बागेत कामाला आलेल्या बायका बघा: साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला स्कार्फ, त्याची टोकं हनुवटीखाली बांधलेली. या बायकांना यूव्ही निर्देशांक कुणी शिकवलेला नाही, पण मला माहीत असलेल्या कुठल्याही क्रीमपेक्षा हा पोशाख चांगला. तो घामानं उतरत नाही आणि दर दोन तासांनी परत लावावा लागत नाही.

कापड कसलं हे महत्त्वाचं. साधी चाचणी: कापड खिडकीपुढे धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर किरणही येणार. पांढरा पातळ सुती टी-शर्ट पुरेसा नाही, आणि तो भिजला की आणखी निकामी होतो. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल शर्ट चांगला. गडद रंग तापतो ही तक्रार खरी आहे, म्हणून सैल घ्यायचा, अंगाला चिकटणारा नको. धुऊन धुऊन विरलेला स्कार्फ आता फडकं म्हणून वापरा, तोंडाला नको.

टोपी म्हणाल तर पुढे झाप असलेली क्रिकेटची टोपी नाक वाचवते, पण कान आणि मान उघडी टाकते. चहूबाजूंनी तीन-चार बोटं रुंद काठ असलेली घ्या, नाहीतर टोपीखाली उपरणं घालून मागे सोडा. आपले शेतकरी डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याचं टोक मानेवर सोडतात, तो बंदोबस्त उत्तम आहे.

स्कूटरवाल्यांनी थोडं जास्त जपावं, कारण हँडल धरल्यावर हातांच्या पाठी सरळ आभाळाकडे असतात. नाशिकरोडहून सातपूरला रोज ये-जा करणाऱ्यांचे हात बघितले की हे कळतं. सनकोट घालायचा तर बोटं झाकणारा. नुसता मनगटापर्यंतचा असेल तर हातमोजे घाला. हेल्मेटची काच खाली ओढा. आणि पाय! चपलेच्या पट्ट्यांमधली पावलाची पाठ फार लवकर पोळते आणि बरी व्हायला फार वेळ घेते, कारण चप्पल तिथेच घासते.

जिथे लोक हमखास चुकतात त्या जागा पाठ करून टाका: कानांच्या पाळ्या, केसांचा भांग, मानेची मागची बाजू, मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमधली पाठ, ओठ, पावलं. टक्कल असेल तर तेही.

तिसरं काम: सनस्क्रीन, आणि तेही पुरेसं

उघडं राहणाऱ्या भागासाठी सनस्क्रीन. डबीवर दोन गोष्टी बघा. एसपीएफ यूव्हीबीपासूनचं संरक्षण सांगतो: 30 चं सनस्क्रीन नीट लावलं तर सुमारे 97 टक्के किरण अडवतं, 50 चं सुमारे 98 टक्के. 30 च्या खालचं गोऱ्या कातडीनं घेऊ नये. बाहेरचं काम असेल तर 50. दुसरी गोष्ट पीए आणि पुढची अधिक चिन्हं: ती यूव्हीएसाठी. तीन किंवा चार चिन्हं असलेलं घ्या. किमतीचा आणि गुणाचा फारसा संबंध नाही. महाग घेऊन पुरवून पुरवून लावण्यापेक्षा स्वस्त घेऊन भरपूर लावलेलं बरं, हे माझं ठाम मत आहे.

कारण खरी चूक प्रमाणात होते. वाटाण्याएवढं घेऊन तोंडभर पसरलं तर 50 चं सनस्क्रीन 50 चं राहत नाही. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढा, एवढं लागतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण 30 मिली. म्हणजे 50 मिलीची ट्यूब दोन वेळाही पुरत नाही. एवढं लावणं जमत नाही म्हणून तर कपडे आधी!

बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दर दोन तासांनी परत लावा, आणि घाम पुसला, तोंड धुतलं, पोहून आलात तर लगेच. ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात डिकीत भट्टी होते आणि औषध बिघडतं. तारीख उलटलेली ट्यूब टाकून द्या.

कातडी नाजूक असेल, क्रीम चुरचुरत असेल, किंवा लहान मुलासाठी हवं असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं घ्या. पांढरट दिसतं, पण सोसतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीमच्या भरवशावर उन्हात नेऊ नका. त्याला सावली आणि झबलं-टोपडं. सकाळी तेल लावून बाळाला उन्हात धरायची आपली पद्धत आहे, ती कोवळ्या उन्हापुरतीच ठेवा आणि थोडाच वेळ. आणि तेल किरण अडवत नाही.

ड जीवनसत्त्वाचं काय, असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. गोऱ्या कातडीला त्यासाठी थोडा वेळ पुरतो, पोळेपर्यंत बसायची गरज कधीच नसते. कमी असेल तर डॉक्टर गोळी देतात.

पाणी आणि सण

दोन प्रसंग वेगळे सांगायला हवेत, कारण नाशिकमध्ये गोरी मुलं सगळ्यात जास्त इथेच पोळतात.

एक, रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेला हौद. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या पेशवेकालीन रहाडींत उड्या मारायचा आनंद दुसरा कशात नाही आणि तो सोडा असं मी कधी सांगणार नाही. पण मार्चमधली दुपार, अंगावर भिजलेला पातळ पांढरा सदरा आणि गार पाणी. पाण्यामुळे आग जाणवत नाही, भिजलेलं कापड किरण अडवत नाही, आणि रंगामुळे लाली दिसत नाही! घरी येऊन रंग घासायला बसावं तेव्हा कळतं. गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट घाला. आधी सनस्क्रीन लावा, पाण्यात टिकणारं. रंग काढताना खांदे आणि मान दुखत असतील तर घासणं तिथेच थांबवा. रंग दोन दिवस राहिला तरी चालेल.

दुसरा प्रसंग पायी वारीचा. चैत्रोत्सवाला सप्तशृंगगडावर पायी जाणारे चैत्राच्या उन्हात रस्त्यानं चालतात. नाशिकहून साधारण साठ किलोमीटर. चालणं पहाटे आणि उन्हं उतरल्यावर, मधली दुपार झाडाखाली, ही जुन्या जाणत्यांची रीतच योग्य आहे. पहिल्यांदाच जाणारी तरुण मंडळी "थोडंच राहिलंय" म्हणून दुपारी चालत राहतात. चालताना दिशा एकच असते, म्हणून एकाच बाजूचा गाल, एकच कान आणि एकच हात पोळतो. तेवढ्या बाजूला स्कार्फ ओढून घेतला तरी खूप फरक पडतो.

गंगापूर धरणावर पोहायला किंवा नावेतून जाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा: पाण्याखाली अर्धा मीटरवरसुद्धा किरण पृष्ठभागाच्या 40 टक्के असतात. पाण्यात आहोत म्हणून खांदे सुरक्षित नसतात.

औषधं चालू असतील तर

काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते. मुरमांसाठी दिलेलं डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, चेहऱ्यावर लावायची रेटिनॉइड क्रीम, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी, कोडासाठी दिलं जाणारं सोरालेन. यातलं काही चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, पण देणाऱ्या डॉक्टरांना उन्हाबद्दल विचारा. आणि मैत्रिणीनं सांगितलं म्हणून आणलेली "गोरं करणारी" क्रीम? त्यातल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. महिना-दोन महिने वापरली की कातडी पातळ होते आणि उन्हात गेलं की भडकते. त्वचेच्या डॉक्टरांना न दाखवता असलं काही लावू नका. मनापासून विनंती आहे.

पोळलीच तर: पहिले काही तास

भाच्याच्या त्या रात्री मी ज्या क्रमानं केलं, आणि नंतर आमच्या डॉक्टरांनी ज्यात सुधारणा सांगितली, तो क्रम असा.

कळताक्षणी सावलीत या आणि अंगठी, कडं, घड्याळ, घट्ट कपडे काढा. सूज वाढली की ते अडकतात. मग गारवा. फ्रीजचं नको, बर्फ तर अजिबात नको. पोळलेल्या कातडीवर बर्फ ठेवला तर वरून गारठ्याची आणखी एक इजा होते. माठातलं पाणी यासाठी जणू मुद्दाम केल्यासारखं असतं: गार, पण बोचत नाही. जुन्या धोतराचा मऊ तुकडा त्यात भिजवायचा, हलका पिळायचा, थोडं पाणी राहू द्यायचं, आणि मानेवर नुसता टेकवायचा. चोळायचं नाही. दोन मिनिटांत तो तुकडा कोमट झालेला हाताला लागतो. उचलायचा, परत बुडवायचा. दहा-पंधरा मिनिटं असं करायचं आणि तासा-दोन तासांनी पुन्हा. त्या रात्री मी एक वाजेपर्यंत हेच करत होते. दर वेळी पट्टी ठेवली की तो श्वास सोडायचा, आणि त्याच्या सुटलेल्या श्वासानं मलाही बरं वाटायचं.

अंग जास्त पोळलं असेल तर गार पाण्याची आंघोळ, साबण न लावता. टॉवेलनं टिपा, पुसू नका. कातडी दमट असतानाच साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर हलक्या हातानं लावा. कॅलामाइन लोशन चालतं. कोरफड चालते, पण ताजं पान तोडाल तर आधी उभं धरून त्यातला पिवळा चीक निथळू द्या, पान धुवा, आणि मगच आतला पारदर्शक गर घ्या. तो चीक खाज आणतो. सालासकट घासू नका. जरा कानामागे लावून बघा, चुरचुरलं तर सोडा.

दुखणं फार असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेननं सूज आणि आग जास्त उतरते, आणि ते सुरुवातीच्या तासांत घेतलेलं बरं. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

आणि पाणी प्यायला द्या. पोळलेल्या जागी शरीराचं पाणी ओढलं जातं. साधं पाणी, मिठाचं ताक, पन्हं, नाहीतर ओआरएस. दारू नको.

झोपताना जुना, मऊ, सैल सुती सदरा. पाठ पोळली असेल तर पालथं झोपवा.

हे करू नका, कुणीही सांगितलं तरी

घरात चार माणसं असतील तर आठ उपाय निघतात, आणि प्रेमापोटी निघतात. टूथपेस्ट नको, ती जळजळ वाढवते. तूप, तेल, पेट्रोलियम जेली पहिल्या दिवशी नको, आतली उष्णता कोंडते. हळद-बेसनाचं उटणं नको, मुलतानी माती नको: एक घासते, दुसरी सुकवून ओढते. दही लावल्यावर बरं वाटतं ते गारव्यानं, आणि तो गारवा ओल्या पट्टीत आहे. फोड आलेल्या जागी तर दही लावूच नये. बधिर करणारी मलमं नकोत, त्यानं कधी कधी अ‍ॅलर्जी येते.

लिंबाचं मात्र जरा सविस्तर सांगते. काळवंडलेलं उजळावं म्हणून लिंबाची फोड चोळून बायका बाहेर पडतात. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतात. माझ्या शेजारणीच्या हातावर सरबताचं लिंबू पिळताना ओघळलेल्या रसाची रेघ अशीच डाग होऊन राहिली होती, मनगटापासून कोपराकडे उतरत गेलेली. उन्हाळ्यात लिंबू पिळलं की हात साबणानं धुवून मगच अंगणात जा.

पुढचे दिवस

बहुधा तिसऱ्या दिवशी लाली उतरते आणि खाज सुरू होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे. ओढू नका. खालची कातडी तयार असेल तेव्हा पापुद्रा आपोआप गळतो. ओढलात तर कच्ची कातडी उघडी पडते आणि डाग राहतो. लोंबणारा तुकडा त्रास देत असेल तर धुतलेल्या छोट्या कात्रीनं कापा. मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा.

फोड आले तर फोडू नका. आतलं पाणी आणि वरचं पातळ आवरण हीच तिथली मलमपट्टी आहे. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्यानं धुवून वर न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवा.

ती जागा पुढे काही आठवडे उन्हाला फार हळवी असते. नवी कातडी आली म्हणजे बरं झालं असं धरून उघडी टाकू नका, कापडानं झाका.

डॉक्टरकडे केव्हा

फोड मोठ्या भागावर असतील, किंवा चेहऱ्यावर, हातांवर असतील. ताप, थंडी, उलट्या, सतत डोकेदुखी असेल. डोळे दुखत असतील, उजेड सहन होत नसेल. दोन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत असेल, पू दिसत असेल. वर्षाखालचं बाळ पोळलं असेल तर थोडी लाली असली तरी त्याच दिवशी दाखवा.

आणि माणूस बरळत असेल, ओळखत नसेल, अंग चटका बसण्याइतकं तापलं असेल, तर ते पोळणं नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

भाचा पाचव्या दिवशी पुण्याला परत गेला तेव्हा त्याच्या मानेवर पापुद्र्यांचा पांढरा कोंडा होता. निघताना मी माझं जुनं निळं उपरणं त्याच्या गळ्यात घातलं. यंदा जानेवारीत तो पुन्हा अंजनेरीला गेला. वरून त्यानं मला फोटो पाठवला: डोक्यावरून मानेपर्यंत तेच उपरणं ओढलेलं, आणि बोट जमिनीकडे, स्वतःच्या आखूड सावलीकडे.